राखणदाराचा अधिकार



अशा संमेलनांत आदिवासींचे कौतुक करण्याची प्रथा आहे. निसर्गपूजक, निसर्गाची लेकरे, रानावनाचे भोळे राजे अशी विशेषणे गेली अनेक वर्षे व्यासपीठावरून वाटली जात आहेत, आणि ऐकणारे त्यांना टाळ्या वाजवत आहेत. अध्यक्ष म्हणून मला दिलेल्या वेळात मी या प्रथेच्या विरोधात बोलणार आहे, कारण हे कौतुक निरुपद्रवी नाही. एकदा कुणाला लेकरू ठरवले की त्याच्या वतीने सही करायला दुसरा कुणीतरी पुढे येतो. ज्याला भोळा म्हटले जाते, त्याच्या हाती हिशेबाची वही दिली जात नाही. जंगलाबद्दल गेली दीडशे वर्षे हेच चालले आहे. म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच आणि स्पष्ट शब्दांत मांडतो. रानाची विविधता टिकते ती तिच्यावर पोट असलेल्या माणसांच्या हाती तिच्याबद्दलचे नियम करण्याचा आणि ते पाळायला लावण्याचा अधिकार असतो तेव्हा. हा अधिकार जिथे काढून घेतला तिथे संवर्धन ढासळले, आणि जिथे परत मिळाला तिथे ते सावरू लागले. आदिवासींच्या रक्तात निसर्गप्रेम असते की नसते, हा प्रश्न मला गैरलागू वाटतो.

पुढे जाण्याआधी आपल्याच बाजूची एक खोटी गोष्ट टाकून देऊ. जगातील ऐंशी टक्के जैवविविधता मूलनिवासी समाजांच्या ताब्यातील भूमीवर आहे, असे वाक्य आपल्या भाषणांत, पत्रकांत आणि जागतिक संस्थांच्या अहवालांतही वर्षानुवर्षे फिरत राहिले. 2024 साली ‘नेचर’ या नियतकालिकात संशोधकांनी, त्यांत मूलनिवासी अभ्यासकही होते, दाखवून दिले की या आकड्याला कुठलाही अभ्यास आधार देत नाही. जैवविविधता अशी टक्क्यांत मोजून वाटून देताच येत नाही. तेव्हा हा आकडा यापुढे आपण वापरू नये. आपल्याला त्याची गरजही नाही. 2018 सालच्या एका मोठ्या अभ्यासानुसार जगाच्या भूभागापैकी सुमारे चतुर्थांश भागावर मूलनिवासी समाजांची मालकी, वहिवाट किंवा व्यवस्था आहे, आणि जगातील भूमीवरच्या संरक्षित क्षेत्रांपैकी सुमारे 40 टक्के क्षेत्र त्यांच्या भूमीत मोडते. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि कॅनडा या तीन देशांतील तुलना प्रसिद्ध झाली. मूलनिवासींच्या व्यवस्थेखालील भूमीत पृष्ठवंशीय प्राण्यांची विविधता सरकारी संरक्षित क्षेत्रांइतकीच किंवा किंचित अधिक असल्याचे त्यात आढळले. खरे आकडे इतके बोलके असताना खोट्याचा आधार घेतला, तर विरोधकाला आयते हत्यार मिळते.

आता आपल्या घराकडे येऊ. 1878 च्या वनकायद्याने इंग्रज सरकारने जंगलांचे राखीव आणि संरक्षित असे वर्ग केले. गावजंगल नावाचा एक तिसरा वर्गही कायद्यात होता, पण तो बहुतांश कागदावरच राहिला. राखीव जंगलात जे काल हक्काचे होते ते आज मेहेरबानीचे झाले आणि उद्या गुन्हा ठरले. याची एक लवकरची झळझळीत नोंद मराठीत झाली, याचा अभिमान आपण बाळगायला हवा. महात्मा फुले यांनी 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगल खात्याने डोंगर, दऱ्या आणि गायराने गिळल्याचा थेट आरोप केला आहे. पर्यावरण हा शब्द आपल्या लिखाणात रुळण्याच्या कितीतरी आधी एका मराठी लेखकाने ओळखले होते की हा प्रश्न सत्तेचा आहे. 1930 च्या जंगल सत्याग्रहात बिळाशीपासून चिरनेरपर्यंत लोक रस्त्यावर उतरले, चिरनेरला गोळीबार झाला, माणसे पडली. स्वातंत्र्य आले. 1927 चा वनकायदा मात्र राहिला, आणि त्याच्याबरोबर त्यामागची समजूतही: सरकार राखते आणि लोक नासतात.

ही समजूत पुराव्यावर तपासता येते, आणि मराठी माणसाने ती तपासलेलीही आहे. सत्तरच्या दशकात कर्नाटकात बांबू झपाट्याने संपत चालला होता. टोपल्या विणणाऱ्या कारागिरांना बांबू मिळेना. वनखात्याचे निदान तयारच होते: गावकऱ्यांची गुरे कोंब खातात, गावकरी वाटेल तसे तोडतात. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानात जाऊन बेटे मोजली. गावाजवळची बेटे त्यातल्या त्यात बरी होती, कारण लोक बेटाच्या बुडाशी असलेले काट्यांचे जाळे तसेच ठेवत आणि कोवळे कोंब त्या काट्यांच्या आड सुरक्षित वाढत. कागद गिरणीचे कंत्राटदार मात्र तोडणी सोपी व्हावी म्हणून ते काटेच साफ करत. मग कोंब उघडे पडत, आणि गुरेच काय, रानातले जनावरही ते फस्त करी. हाच बांबू गिरणीला टनाला दीड रुपया दराने मिळत होता आणि खुल्या बाजारात त्याचा भाव टनाला दीड हजाराच्या घरात होता. फुकटाच्या भावात मिळणारी वस्तू कुणी जपून वापरत नाही. ज्या कारागिराला बांबूसाठी पदरमोड करावी लागत होती आणि ज्याची पुढची पिढी त्याच बेटावर जगणार होती, तो ती जपत होता. नासधुशीचा ठपका मात्र त्याच्यावरच आला.

राजस्थानातील भरतपूरची कहाणी याहून कठोर आहे. केवलादेव हे पक्ष्यांचे नंदनवन. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर 1982 मध्ये तिथे म्हशींच्या चराईवर बंदी आली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यांत माणसे मेली. बंदी हवी असे म्हणणाऱ्यांत पक्षीतज्ज्ञ सलीम अली होते, आणि त्यांच्या तळमळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण त्यांच्याच बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने जो दहा वर्षांचा अभ्यास केला, त्याचा निष्कर्ष उलटा निघाला. म्हशी थांबल्या आणि पाणथळीत गवत माजले. गवताने उघडे पाणी झाकले, मासे आणि त्यांवर जगणारे पक्षी यांची जागा आक्रसली. शतकानुशतके चरणारी म्हैस त्या पाणथळीच्या घडणीचा भाग होती. हे तिथल्या गुराख्याला ठाऊक होते, पण त्याला विचारण्याची कुणाला गरज वाटली नव्हती. त्या संस्थेने स्वतःच्या मताविरुद्ध गेलेला निष्कर्ष प्रामाणिकपणे छापला, याबद्दल मी तिला मान देतो. पण गोळीने गेलेली माणसे त्या निष्कर्षाने परत येत नाहीत.

अधिकार परत मिळाला की काय होते, हे पाहायला आपल्याला दूर जायला नको. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा हे गोंडांचे छोटे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्राला पाठ आहे. घोषणेमागची मेहनत मात्र आपण पुरेशी समजून घेतलेली नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे लोक तिथे वर्षानुवर्षे बसले, ते भाषणे करायला नव्हे. गावाने अभ्यासगट चालवले. निर्णय बहुमताने घ्यायचे नाहीत, सर्वांची सहमती होईपर्यंत थांबायचे, असा नियम केला. फळझाड तोडून फळे गोळा करायची नाहीत, मध काढताना माश्या जाळायच्या नाहीत असे ठरवले. कागद गिरणीसाठी चालणारी बांबूतोड अडवली. वनहक्क कायदा 2006 चा. त्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळायला एप्रिल 2011 उजाडावा लागला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले. कायद्याने दिलेली गोष्ट प्रत्यक्ष हातात पडायला दोन वर्षे आणि एक केंद्रीय मंत्री लागतो, हे ध्यानात ठेवा.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तर आपल्या सगळ्यांना खाली मान घालायला लावावी असा निर्णय घेतला. 2012 मध्ये हक्क मिळाल्यावर गावाने बांबूची विक्री स्वतःच्या हाती घेतली आणि तेंदूपत्ता तोडणे बंद केले. तेंदू म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. पण चांगली पाने यावीत म्हणून फांद्या छाटल्या जातात, रानाला आग लावली जाते, आणि त्या आगीत बाकीचे रान होरपळते, हे गावाने पाहिले आणि तो पैसा सोडला. कुठल्याही वनाधिकाऱ्याने त्यांना तसा आदेश दिला नव्हता. जंगल दुसऱ्याचे असते, तर गावाने एवढे उत्पन्न सोडले असते का? जे आपले नाही, त्यात काही मागे ठेवले तर दुसराच कुणी घेऊन जाईल, ही भीती माणसाला ओरबाडायला लावते. गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली सामाईक मालमत्तेचा नाश अटळ असल्याचे लिहिले आणि जगभरच्या सरकारांना ते सोयीचे वाटले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातल्या चराऊ कुरणांचा, मासेमारीचा आणि पाटपाण्याचा अभ्यास करून दाखवले की ज्या सामाईक मालमत्तेला नियम करणारी मंडळी असतात ती टिकू शकते. 2009 साली त्यांना नोबेल मिळाले. मेंढ्याला हक्क मिळाला तेही त्याच वर्षी.

आणि विविधता केवळ जंगलात नसते. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे या महादेव कोळी समाजातल्या. वालाचे, भाताचे, भाज्यांचे गावरान वाण त्यांनी जपले, वाटले, त्यांची बियाणे-बँक केली. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामापुढे मी नतमस्तक आहे. पण एका बाईला पद्मश्री देऊन आपण मोकळे झालो का? बियाणे राखणारी बाई प्रत्येक डोंगरी गावात असते. तिच्या वाणाला बाजार मिळावा, तिच्या शिवारातल्या पिकाला रेशन दुकानात आणि आश्रमशाळेच्या ताटात जागा मिळावी, हे धोरणाचे प्रश्न आहेत. पुरस्काराने ते सुटत नाहीत.

आता आक्षेप घेऊ. ते खोटे आहेत असे मी म्हणणार नाही, कारण त्यांतले काही खरे आहेत. पहिला आक्षेप: लोकसंख्या वाढली, बाजार दारात आला, मोबाइल आला, आता जुनी बंधने चालत नाहीत. कोकणात गावकऱ्यांनीच देवराईतली झाडे तोडून सिमेंटची मंदिरे बांधली, हे सांगितले जाते. वा. द. वर्तक आणि गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात ज्या देवराया नोंदवल्या, त्यांपैकी कित्येक आज विरळ झाल्या आहेत, हे मला मान्य आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष कोणता? भीतीवर उभा राहिलेला नियम भीती ओसरली की पडतो. म्हणून देवाच्या धाकाची जागा ग्रामसभेच्या लिखित, दंड असलेल्या आणि हिशेब असलेल्या नियमाने घ्यायला हवी. मेंढ्याने आणि पाचगावने तेच केले. बाजाराशी व्यवहार करतच त्यांनी रान राखले. परंपरा जशीच्या तशी परत आणावी असे मी म्हणत नाही. निर्णयाचा अधिकार परत द्यावा असे म्हणतो, आणि या दोन मागण्यांत मोठे अंतर आहे.

दुसरा आक्षेप: वनहक्काच्या नावाखाली अतिक्रमणे होतात. कायदा वाचा. शेतीखालील जमिनीसाठी ताबा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा असावा लागतो आणि मर्यादा चार हेक्टरची आहे. त्यानंतर तोडलेल्या रानाला हा कायदा संरक्षण देत नाही. उलट याच कायद्याचे पाचवे कलम ग्रामसभेला वन्यजीव, जंगल आणि जैवविविधता राखण्याचे अधिकार देते. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हुसकावण्याचा आदेश दिला. दहा लाखांहून अधिक दाव्यांचा तो प्रश्न होता. दोनच आठवड्यांत त्याच न्यायालयाने आदेश स्थगित केला, कारण हे दावे कसे फेटाळले गेले, त्यात रीतसर प्रक्रिया झाली की नाही, हे आधी पाहायला हवे होते. ज्या अर्जाची रीतसर तपासणीच झालेली नाही, त्याचा अर्जदार अतिक्रमणकर्ता कसा ठरतो?

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: वाघाला माणसाविना मोकळी जागा लागते. काही ठिकाणी लागते, आणि कायद्याने त्याची सोय केलेली आहे. वन्यजीवांसाठी अत्यावश्यक अधिवास ठरवता येतो. पण आधी हक्क मान्य करायचे, मग सहजीवन अशक्य असल्याचे शास्त्रीय पुराव्याने दाखवायचे, आणि ग्रामसभेची मुक्त संमती घ्यायची. हा क्रम उलटा करून, हक्क न देताच मोबदला पुढे करायचा, ही फसवणूक आहे. कर्नाटकच्या बिळिगिरिरंगन डोंगरांत सोलिग आदिवासींना 2011 मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या आतच सामूहिक हक्क मिळाले. त्याच सुमारास, 2010 ते 2014 या काळात, तिथल्या वाघांचा अंदाज 35 वरून 68 वर गेला. ही वाढ केवळ हक्कांमुळे झाली असा दावा मी करणार नाही. पण हक्क दिले की वाघ संपेल, हे भाकीत तिथे साफ खोटे ठरले. त्याउलट राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात, संरक्षणाची सगळी यंत्रणा हजर असताना, 2005 पर्यंत एकही वाघ उरला नाही. सोलिग लोक आणखी एक गोष्ट सांगतात: त्यांची उन्हाळ्याच्या सुरुवातीची हलकी आग बंद केली गेली आणि रानात घाणेरी माजली. भरतपूरच्या गवताशी याचे नाते तुमच्या लक्षात आले असेलच. आणि ताडोबाकडे पाहा. ज्या तारू देवावरून त्या अरण्याला नाव मिळाल्याचे सांगतात, त्याच्या दर्शनाला जायचे तर आज गोंडाला परवानगी मागावी लागते, आणि पर्यटकाला फक्त तिकीट.

बिबट्याच्या बाबतीत मात्र मी माझ्या बाजूच्या लोकांनाही सावध करतो. वारली पाड्यांवर वाघोबा पूजला जातो, वाघबारस पाळली जाते, अकोले तालुक्याच्या शिवारात बिबटे आणि माणसे शेजारी राहतात, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या संशोधनाने जगापुढे आणले. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यावर जुन्नर भागात हल्ले वाढले, हेही त्यांनीच दाखवले. पण आज जुन्नर-शिरूरच्या उसात ज्यांची मुले बिबट्याने नेली, त्यांना शहरातून सहजीवनाचे धडे देणे निर्दयपणाचे आहे. त्या गावांनाही ठरवण्याचा अधिकार हवा: पिंजरा कुठे लावायचा, शेतीची वीज रात्री द्यायची की दिवसा, भरपाई किती दिवसांत. अधिकाराची मागणी केवळ आपल्याला आवडणाऱ्या उत्तरांपुरती करता येत नाही.

आणि अधिकार असेल तर लोक काय उत्तर देतात, याचीही नोंद आहे. ओडिशात नियमगिरीवरील बॉक्साइटच्या खाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ग्रामसभांना विचारा असे सांगितले. बारा ग्रामसभांना विचारले. बाराही नाही म्हणाल्या. त्यानंतर काय झाले? 2022 च्या वनसंवर्धन नियमांनी वनजमीन वळवण्याच्या केंद्रीय मंजुरीआधी ग्रामसभेची संमती हवी ही अट काढून टाकली आणि वनहक्कांचे पालन नंतर राज्य सरकारने पाहावे, असे ठरवले. निर्णय झाल्यावर मत विचारायचे, हा त्याचा अर्थ. जैवविविधता कायद्याचेही तसेच. 2018 च्या डिसेंबरात उत्तराखंड उच्च न्यायालयाने देशी कंपन्यांनाही जैवसंपदेच्या लाभाचा वाटा स्थानिकांना द्यावा लागेल, असा निकाल दिला. 2023 च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना त्यातून सूट दिली आणि कायदा मोडणाऱ्याची कैद काढून फक्त दंड ठेवला. लोक जैवविविधता नोंदवह्यांचे तर राष्ट्रीय हरित लवादाने दंडाची तारीख दिल्यावर घाईत काम उरकले गेले. ज्या नोंदवहीत गावाचे ज्ञान असायला हवे, ती गावाला विचारल्याशिवाय भरली, तर तिच्यावर भरवसा कोण ठेवील?

यात आपला, लिहिणाऱ्यांचा, वाटा काय? मराठी निसर्गलेखन संपन्न आहे. मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांकडून ऐकलेले शब्द आणि ज्ञान मराठीत आणले. पण आपण रानातल्या माणसाला माहितगार म्हणून वापरतो, लेखक म्हणून त्याच्यासाठी जागा करत नाही. आपल्या कथेत तो वाट दाखवतो आणि दोन पानांनी नाहीसा होतो. ग्रामसभेचा ठराव, जंगलाच्या वापराचे नियम, बांबूच्या लिलावाचा हिशेब हेही मराठी गद्यच आहे. ते कुणी संपादित केले, छापले, अभ्यासक्रमात लावले?

म्हणून या संमेलनाने आदिवासींच्या गौरवाचा ठराव करू नये, अशी माझी अध्यक्ष म्हणून विनंती आहे. त्याऐवजी तीन मागण्यांचा ठराव करावा. वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती ही अट पूर्ववत व्हावी. महाराष्ट्र सामूहिक वनहक्कांत देशात पुढे आहे, पण मान्य झालेल्या हक्कांच्या सीमा अभिलेखात चढवणे आणि व्यवस्थापनासाठी ग्रामसभांना थेट निधी देणे हे काम कालबद्ध व्हावे. आणि जैवविविधतेच्या नोंदवह्या ग्रामसभांनी गोंडी, माडिया, कोरकू, वारली अशा आपापल्या भाषांत नव्याने लिहाव्यात, त्यांची मालकी गावाची असावी, मराठी अनुवादाचा खर्च आपल्या साहित्यसंस्थांनी उचलावा. मसुदा दुपारच्या सत्रात मांडला जाईल. त्यावर बोलण्याची पहिली संधी ग्रामसभांच्या प्रतिनिधींना द्यावी, साहित्यिकांनी त्यानंतर बोलावे, आणि मसुद्यातला कुठलाही शब्द त्यांना मान्य नसेल तर तो बदलूनच ठराव मतास टाकावा.